डोळ्यातली औषधाची कांडी : दिसू लागले म्हणून बेफिकीर राहू नका

काही औषधे आपण रोज घेतो आणि नको वाटले तर त्याच दिवशी बंद करतो. गोळी बंद करता येते, थेंब थांबवता येतात, मलम पुसून टाकता येते. पण डोळ्याच्या आत टोचून ठेवलेली स्टेरॉइडची कांडी एकदा आत गेली की चार-सहा महिने आपले काम करीत राहते. तिला मधेच ‘थांब’ म्हणता येत नाही. म्हणूनच हा उपचार घेताना डॉक्टरांचा हात जितका नेमका लागतो, तितकाच घरच्या माणसांचा पहाराही नेमका लागतो.

मधुमेहामुळे दृष्टिपटलाला आलेली सूज, दृष्टिपटलातील शीर बंद पडल्याने आलेली सूज आणि डोळ्याच्या आतल्या थरांचा दाह, अशा तीन मुख्य कारणांसाठी ही कांडी वापरली जाते. मोठ्या शहरांपुरता असलेला हा उपचार आता जबलपूरसारख्या शहरांतील नेत्रतज्ज्ञही करतात. नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयामुळे जबलपूर हे साऱ्या महाकोशलाचे उपचाराचे ठिकाण आहे. मंडला, डिंडोरी, सिवनी, नरसिंहपूर, कटनी येथून माणसे येथे येतात. ज्यांना आणखी पुढे जायचे असते, ते नागपूरची वाट धरतात. १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. मराठी घरांचे येणे-जाणे तेव्हापासूनचे. पण प्रवास जवळचा असो की लांबचा, कांडी टोचून घेतल्यावर पुन्हा तपासणीला जाणे हाच या उपचाराचा अर्धा भाग आहे. नेमका तोच भाग सर्वांत आधी गळतो.

ही कांडी असते तरी कशी?

भारतात जी कांडी सर्रास वापरली जाते, तिच्यात डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड ०.७ मिलिग्रॅम असते. लांबी सुमारे ६ मिलिमीटर आणि जाडी अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ साली तिला प्रथम मान्यता दिली, ती दृष्टिपटलातील शीर बंद पडल्याने येणाऱ्या सुजेसाठी. पुढे २०१० साली डोळ्याच्या आतल्या दाहासाठी आणि २०१४ साली मधुमेहाच्या सुजेसाठीही मान्यता मिळाली.

औषध ज्या पदार्थात मुरवलेले असते, तो शस्त्रक्रियेत विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यांच्या जातीचा असतो. डोळ्यात तो हळूहळू विरघळतो आणि शेवटी त्याचे पाणी व कार्बन डायऑक्साइड होते. त्यामुळे रिकामी कांडी काढण्यासाठी वेगळी शस्त्रक्रिया लागत नाही. डोळा बधिर करून, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन ते चार मिलिमीटर अंतरावर खास सुईच्या साधनाने ती डोळ्याच्या मागच्या, जेलीने भरलेल्या पोकळीत सोडली जाते. काम काही मिनिटांचे असते. रुग्ण त्याच दिवशी घरी जातो.

दुसऱ्या प्रकारच्या कांड्यांत फ्लुओसिनोलोन नावाचे स्टेरॉइड असते. परदेशांत वापरल्या जाणाऱ्या या कांड्या विरघळत नाहीत आणि दोन-तीन वर्षे औषध सोडीत राहतात. मुदत जितकी लांब, तितके त्यांचे दुष्परिणामही लांबतात, हे पुढे दिसेलच.

मग डोळ्यात नेहमी टोचली जाणारी, स्टेरॉइड नसलेली इंजेक्शने का नाहीत, असा प्रश्न कुणीही विचारील. बहुतेक रुग्णांत सुरुवात त्याच इंजेक्शनांनी होते. पण ती सुरुवातीला दर महिन्याला घ्यावी लागतात. ज्यांची सूज त्यांना दाद देत नाही, ज्यांना नुकताच हृदयविकाराचा किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेला आहे, ज्यांच्या डोळ्यातील जेली पूर्वी शस्त्रक्रियेने काढलेली आहे किंवा ज्यांना दर महिन्याला येणे शक्यच नाही, अशांसाठी डॉक्टर कांडीचा विचार करतात. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे. तेव्हा हा विषय मूठभर लोकांचा नाही. या कांडीतील औषध अगदी थोडे व डोळ्यापुरतेच असल्याने स्टेरॉइडच्या गोळ्यांप्रमाणे रक्तातली साखर सहसा वाढत नाही, ही मधुमेह्यांसाठी दिलाशाची गोष्ट.

सर्वांत छान दिसते, तेव्हाच दाब सर्वांत जास्त

आता खरी मेख. कांडी टोचल्यावर नजर सुधारू लागते ती काही दिवसांत, आणि बहुतेकांना सर्वांत चांगले दिसते ते दुसऱ्या महिन्याच्या सुमारास. डोळ्यातला दाब वाढायचा असेल तर तोही सर्वांत वर जातो तो याच सुमारास, साधारण साठाव्या दिवसाच्या आसपास. म्हणजे रुग्णाला ‘आता मी बरा झालो’ असे ज्या आठवड्यात वाटते, त्याच आठवड्यात त्याच्या डोळ्याला तपासणीची सर्वांत जास्त गरज असते.

समजा, खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून निवृत्त झालेले, रांझीत राहणारे एक मराठी काका आहेत. वीस वर्षांचा मधुमेह. उजव्या डोळ्यात कांडी घातली. दीड महिन्याने काकू आठवण करतात, ‘‘अहो, डॉक्टरांनी बोलावले होते ना तपासणीला? उद्या जाऊन या.’’ काका वर्तमानपत्र खाली ठेवतात आणि म्हणतात, ‘‘अगं, आता चश्म्याशिवाय मथळे वाचतोय मी. दुखत नाही, खुपत नाही. उगाच दिवस घालवायचा!’’ असा संवाद कितीतरी घरांत घडू शकतो. काकांचे म्हणणे चुकीच्या समजुतीवर उभे आहे, एवढेच. दाब वाढल्याचे दुखण्यावरून कळत नाही. तो अगदी एकाएकी फार वाढला तरच डोके दुखते किंवा दिव्याभोवती कडी दिसतात. एरवी तो मुकाट्याने डोळ्याच्या मागच्या नसेचे तंतू एकेक करून मारीत राहतो. कडेची नजर आधी जाते, मधली शाबूत राहते. म्हणून मथळे वाचता येतात आणि नुकसान लक्षात येत नाही. नसेचा जो भाग गेला तो परत येत नाही. यालाच आपण काचबिंदू म्हणतो.

असे का होते? डोळ्याच्या पुढच्या भागात एक पाण्यासारखा द्रव सतत तयार होत असतो आणि बुबुळाच्या कोपऱ्यातल्या जाळीतून तो बाहेर झिरपत असतो. स्टेरॉइडमुळे काही लोकांच्या या जाळीत बदल होतात, ती तुंबल्यासारखी होते. नळ चालू आणि मोरीचे भोक बुजलेले, अशी ती अवस्था.

मात्र हे सर्वांना होत नाही. १९४८ साली अमेरिकेत फिलिप हेंच यांनी संधिवाताच्या रुग्णांना कॉर्टिसोन देऊन चमत्कार वाटावा असा गुण दाखवला आणि १९५० साली त्यांना दोघा सहकारी शास्त्रज्ञांसह नोबेल पारितोषिक मिळाले. त्यानंतर स्टेरॉइडचे थेंब डोळ्यांसाठीही सर्रास वापरात आले आणि त्यांची दुसरी बाजू दिसू लागली. साठच्या दशकात बर्नार्ड बेकर आणि मन्सूर अरमाली यांनी निरोगी लोकांना काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब घालून दाब मोजला. सुमारे एक तृतीयांश लोकांत तो मध्यम वाढला, तर शंभरात पाचेक जणांत खूपच वाढला. ज्यांना काचबिंदू आहे, ज्यांच्या आईवडिलांना किंवा भावंडांना तो आहे, ज्यांचा चश्म्याचा उणे नंबर फार मोठा आहे आणि ज्यांना मधुमेह आहे, अशांत हा धोका अधिक असतो.

येथे घरच्यांच्या उपयोगाची एक साधी गोष्ट सांगण्यासारखी आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बहुतेकांना काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब दिले जातात. त्या काळात दाब वाढला होता का, हे जुन्या कागदांवर लिहिलेले असते. वाढला असेल, तर कांडीनेही तो वाढण्याचा संभव मोठा. हा एक कागद डॉक्टरांना दाखवला तर अर्धा धोका आधीच ओळखता येतो.

दाब वाढला तर काय करतात?

डोळ्याचा दाब सामान्यतः १० ते २१ मिलिमीटर असतो. कांडीनंतर तो वाढला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नाही. मधुमेहाच्या रुग्णांवर तीन वर्षे चाललेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मीड’ या अभ्यासात शंभरातल्या सुमारे चाळीस जणांना दाब उतरवणारे थेंब लागले, पण त्यासाठी शस्त्रक्रियेची पाळी आली ती शंभरात एकापेक्षाही कमी जणांवर. म्हणजे वेळेवर सापडला तर हा दाब बहुधा थेंबांनीच आवरतो. औषधाचा जोर ओसरला की सहा महिन्यांच्या आत तो बहुतेकांत मूळ पदावर येतो आणि थेंब बंद करता येतात. मात्र ते बंद करायचे डॉक्टरांनी, आपण नव्हे.

थेंब निवडताना रुग्णाच्या इतर आजारांचा विचार करावा लागतो. टिमोलोलचे थेंब चांगले, पण दम्याच्या किंवा नाडी मंद असलेल्या रुग्णाला ते धोक्याचे ठरू शकतात. डोळ्यात घातलेला थेंब नाकातून रक्तात जातो, हे अनेकांना ठाऊक नसते. ज्यांना सल्फा औषधांची ॲलर्जी आहे, त्यांनी डॉर्झोलामाइड सुरू करण्यापूर्वी ते सांगायला हवे. ब्रिमोनिडिनने काहींना तोंड कोरडे पडते, झोप येते. काही थेंब असे असतात की ज्यांनी दृष्टिपटलाची सूज वाढण्याची शक्यता असते, ते डॉक्टर सांभाळून वापरतात. म्हणून शेजारच्या वहिनींना काचबिंदूसाठी दिलेली बाटली आपल्या घरी आणून चालणार नाही.

थेंबांनी भागले नाही तर लेसरचा उपयोग करता येतो. त्यानेही भागले नाही तर द्रवाला नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया करतात. क्वचित प्रसंगी कांडीच काढावी लागते. दीर्घ मुदतीच्या कांड्यांत हा प्रश्न अधिक बिकट होतो. तीन वर्षे औषध सोडणाऱ्या फ्लुओसिनोलोनच्या बारीक कांडीने मधुमेहाच्या रुग्णांत शंभरातल्या सुमारे पाच जणांवर दाबाच्या शस्त्रक्रियेची वेळ आली. डोळ्यात टाक्याने बसवल्या जाणाऱ्या, त्याच औषधाच्या मोठ्या कांडीने दाहाच्या रुग्णांत तर तीन वर्षांत शंभरातल्या तीसहून अधिक जणांवर ती आली. म्हणून ज्याची नस काचबिंदूने आधीच बरीच खराब झालेली आहे, अशा डोळ्यात कांडी घालू नये असाच दंडक आहे.

मोतीबिंदू : ठरलेला पाहुणा

ज्यांच्या डोळ्यात अजून नैसर्गिक भिंग आहे, त्यांना कांडीमुळे मोतीबिंदू लवकर होतो. वर सांगितलेल्या तीन वर्षांच्या अभ्यासात अशा सुमारे दोन तृतीयांश डोळ्यांत तो झाला किंवा वाढला. हा मोतीबिंदू भिंगाच्या मागच्या बाजूला, अगदी मध्यावर होतो. त्यामुळे उन्हात किंवा समोरून येणाऱ्या गाडीच्या दिव्यात डोळे दिपतात आणि वाचायला त्रास होतो, पण संध्याकाळच्या मंद प्रकाशात बरे दिसते. ‘कांडीचा गुण गेला’ असे समजून रुग्ण हताश होतो. प्रत्यक्षात पडदा सुधारलेला असतो, काच मात्र धूसर झालेली असते.

यावर उपाय सरळ आहे. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून कृत्रिम भिंग बसवतात. पडद्याची सूज आटोक्यात असताना ती केली तर निकाल चांगला लागतो, म्हणून तिचा मुहूर्त डॉक्टर कांडीच्या मुदतीचा हिशेब करून ठरवतात. उपचार सुरू करतानाच ‘पुढे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया लागेल’ हे घरात माहीत असले, तर खर्चाची तजवीज करता येते आणि फसवल्याची भावनाही येत नाही.

कांडी आपली जागा सोडते तेव्हा

कांडी असते डोळ्याच्या मागच्या दालनात. पुढचे दालन आणि मागचे दालन यांच्यामध्ये भिंग आणि त्याची पातळ पिशवी हे जणू दार असते. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत ही पिशवी फाटलेली असेल, भिंग टाके घालून किंवा पुढच्या दालनात बसवलेले असेल, अथवा भिंगच बसवलेले नसेल, तर दार उघडे राहते. त्यात मागची जेलीही काढलेली असली की कांडी वाहत पुढे येऊ शकते.

पुढे आलेली कांडी पारदर्शक बुबुळाच्या आतल्या बाजूला घासते. तेथे पेशींचा एकच थर असतो आणि तोच बुबुळातले पाणी उपसून त्याला स्वच्छ ठेवतो. या पेशी मेल्या तर नव्याने उगवत नाहीत. बुबुळ सुजते, पांढुरके होते. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा १५ रुग्णांची तपशीलवार नोंद आहे. त्यांतल्या बहुतेकांचे बुबुळ सुजले, अनेकांची सूज कांडी काढल्यावरही उतरली नाही आणि काहींना बुबुळाचे रोपण करावे लागले. त्यातून निघालेला धडा स्पष्ट होता : कांडी जितकी लवकर काढावी, तितके बुबुळ वाचण्याची शक्यता अधिक.

लक्षणे कोणती? एकाएकी धूसर दिसू लागणे, डोळा लाल होणे, कधी आरशात बाहुलीसमोर पांढरी काडी दिसणे. असे झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. बुबुळ अजून स्वच्छ असेल, तर रुग्णाला उताणे झोपवून, बाहुली मोठी करून कांडी मागे सरकवण्याचा प्रयत्न करतात आणि मग बाहुली लहान करणारे औषध घालतात. बुबुळ सुजू लागले असेल, तर वाट न पाहता शस्त्रक्रियागृहात नेऊन ती काढतात. वाटेत पालथे झोपू नये, मान खाली घालून बसू नये.

येथेच आपल्याकडच्या एका जुन्या सवयीचा प्रश्न येतो. कित्येक वडीलधाऱ्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया वर्षांपूर्वी एखाद्या शिबिरात झालेली असते. त्या शिबिरांनी लाखो लोकांना दृष्टी दिली यात शंका नाही. पण त्या वेळी मिळालेले कार्ड घरात कुणी जपलेले नसते. ‘भिंग बसवले आहे’ एवढेच आठवते. पिशवी फाटली होती का, भिंग कोणत्या जागी बसवले, हे सांगता येत नाही. म्हणून शस्त्रक्रिया झालेला डोळा असेल तर कांडीपूर्वी बाहुली मोठी करून नीट तपासणी करून घ्यावी आणि शस्त्रक्रियेच्या वेळी काही अडचण आली होती का, हे आठवून सांगावे. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

दुखणे, लाली आणि पडदा

कांडी टोचल्यावर पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग पडला तर तो काही दिवसांत जातो. डोळ्यासमोर एखादी काळी रेघ तरंगताना दिसली तर ती बहुधा कांडीच असते. याने काही बिघडत नाही.

मात्र पहिल्या आठवड्यात दुखणे कमी होण्याऐवजी वाढू लागले, लाली वाढली, उजेड सहन होईना, नजर उतरत चालली, तर तो डोळ्याच्या आतला जंतुसंसर्ग असू शकतो. तो क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशेब असतो. ‘उद्या सोमवार आहे, उद्या जाऊ’ असे म्हणण्यात डोळा जाऊ शकतो. स्टेरॉइडमुळे दुखणे कधी कधी दबलेलेही राहते, म्हणून फार दुखत नाही तरी नजर उतरणे पुरेसे आहे. अशा वेळी आतल्या द्रवाचा नमुना घेऊन डोळ्यातच प्रतिजैविके टोचतात, गरज पडल्यास शस्त्रक्रिया करतात.

विजेसारखे लखलखाट, काळ्या ठिपक्यांचा पाऊस आणि एका बाजूने पडदा सरकल्यासारखे वाटणे, ही दृष्टिपटल सुटल्याची किंवा आत रक्तस्राव झाल्याची लक्षणे असतात. तेव्हाही त्याच दिवशी जावे.

आधीची चौकशी

स्टेरॉइड सूज उतरवते, पण जंतूंशी लढणारी शरीराची फौजही मंदावते. डोळ्यातल्या दाहाचे कारण क्षयरोग, टॉक्सोप्लाझ्मा किंवा नागिणीच्या जातीचा विषाणू असेल आणि मूळ रोगावर उपचार न करता कांडी घातली, तर रोग भडकतो. आपल्या देशात क्षयाचे प्रमाण लक्षात घेता, दाहाच्या रुग्णाला डॉक्टर छातीची क्ष-किरण तपासणी आणि रक्त तपासण्या करायला सांगतात, तेव्हा ‘डोळ्याच्या दुखण्याला छातीचा फोटो कशाला?’ असा वाद घालू नये. घरात कुणाला पूर्वी क्षय झाला असेल तर तोही सांगावा. लग्नाच्या मुलीचा किंवा लोकांच्या बोलण्याचा विचार करून ही गोष्ट दडवली, तर किंमत डोळ्याला मोजावी लागते.

दुकानातले थेंब

कांडीच्या निमित्ताने आणखी एका धोक्याकडे लक्ष वेधायला हवे. कांडी निदान डॉक्टरांच्या हातून जाते. स्टेरॉइडचे थेंब मात्र औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणले जातात. उन्हाळ्यात धुळीने मुलांचे डोळे खाजतात, लाल होतात. एकदा डॉक्टरांनी दिलेल्या थेंबांनी दोन दिवसांत आराम पडतो. मग दर वर्षी तीच रिकामी बाटली दाखवून नवी आणली जाते. महिनोन्‌महिने हे चालले, तर मुलाला कळत-नकळत काचबिंदू आणि मोतीबिंदू दोन्ही होऊ शकतात. फळ्यावरचे दिसत नाही म्हणून चश्म्यासाठी नेल्यावर नस वाळल्याचे समजणे, यासारखे दुःख नाही. जुनी बाटली पुन्हा आणण्यापूर्वी ती नेत्रतज्ज्ञांना दाखवावी, एवढे पथ्य प्रत्येक आईने पाळावे.

घरच्यांनी काय करावे?

कांडी घातल्याची तारीख, कोणता डोळा आणि कांडीचे नाव एका वहीत लिहावे. त्याच पानावर पुढच्या तपासण्यांच्या तारखा आधीच लिहून ठेवाव्यात : पहिल्या काही दिवसांत एकदा, चार ते सहा आठवड्यांनी, आठ आठवड्यांच्या सुमारास आणि मग तीन-चार महिन्यांनी. डॉक्टरांनी वेगळे वेळापत्रक दिले तर ते पाळावे. प्रत्येक खेपेला दाबाचा आकडा विचारून लिहावा. रक्तदाबाचा आकडा आपण विचारतो, मग डोळ्याचा का नाही?

तपासणीसाठी प्रत्येक वेळी नागपूर गाठायलाच हवे असे नाही. सुमारे पावणेतीनशे किलोमीटरच्या प्रवासाचा कंटाळा हे फेरी चुकवण्याचे कारण होऊ नये. डोळ्याचा दाब मोजण्याचे यंत्र जबलपूरच्या नेत्रतज्ज्ञाकडेही असते. कांडी घालणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठी आणून जवळच्या डॉक्टरांकडे दाब मोजून घ्यावा आणि आकडा कळवावा. मंडला किंवा डिंडोरीहून येणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी ‘आमच्या गावाजवळ हे कुठे होईल?’ असे विचारून घ्यावे.

पहिला आठवडाभर डोळ्यात साधे पाणी जाऊ देऊ नये. डोक्यावरून अंघोळ नको, डोळा चोळणे नको. जबलपूरकरांसाठी खास सांगायचे तर ग्वारीघाटावर किंवा तिलवाराघाटावर नर्मदेत बुडी मारण्याचा मोह टाळावा. मकरसंक्रांत किंवा नर्मदा जयंती जवळ असेल, तर डॉक्टरांशी बोलून कांडीची तारीख मागे-पुढे करावी, किंवा घाटावर हात जोडून परत यावे. मैया रागावणार नाही! होळीच्या रंगांचेही तसेच. आणि काही झाले तरी मधुमेह व रक्तदाब ताब्यात ठेवणे सुटत नाही. साखर मोकाट सोडून डोळ्यात कांडी घालणे म्हणजे छप्पर गळत असताना नुसती फरशी पुसण्यासारखे आहे.

‘दुसरी कांडी घालायची का?’ हा प्रश्न बहुतेकांना पुढे पडतोच, कारण औषध संपल्यावर काहींची सूज परत येते. त्या वेळी डॉक्टर वहीतला पहिला आकडा पाहतील. पहिल्या कांडीने दाब किती वाढला, किती थेंबांनी उतरला, किती दिवसांत उतरला, यावरच दुसरीचा निर्णय होतो. आकडे लिहिलेले नसतील तर तो निर्णय अंदाजावर घ्यावा लागतो. म्हणून रांझीतल्या त्या काकांनी मथळे वाचता येतात याचा आनंद जरूर मानावा, आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी काकूंना घेऊन दाब मोजायला जावे. तास-दोन तासांचे काम आहे, आणि ते टाळून झालेले नुकसान नंतर कितीही पैसे ओतले तरी भरून निघत नाही.